पांढऱ्या रेषेच्या डावीकडे

सहा वर्षांपूर्वी पुण्यात एका सकाळी मी दूध घ्यायला रस्त्याकडेला गाडी लावली आणि आरशात न बघता दार उघडलं. मागून पेपर टाकणारे एक काका सायकलवरून येत होते. दाराची कड त्यांच्या हँडलला लागली. ते पडले आणि पेपरचा गठ्ठा रस्ताभर पसरला. मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर चढवताना ते मला एवढंच म्हणाले, "मी घंटी वाजवली होती हो." गाडीच्या काचा वर होत्या, आत रेडिओ चालू होता. मला घंटी ऐकूच आली नव्हती.

त्यांचा हात बरा होईपर्यंत दीड महिना त्यांची पेपरची लाइन मी टाकली, त्यांच्याच सायकलवरून. शाळा सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. त्या दीड महिन्यात ज्या रस्त्यांवर मी रोज गाडी चालवत होतो, ते रस्ते मला पहिल्यांदा कळले. मग स्वतःची सायकल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये भाचीबरोबर पुण्याहून पणजीपर्यंत गेलो. वाटेतल्या देखाव्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. पाच दिवस माझं लक्ष होतं ते आमच्यावर आणि आमच्या मागून येणाऱ्यांवर.

पहिला दिवस : पुणे ते सातारा

पहाटे साडेपाचला स्वारगेट सोडलं. सातारा रस्त्यावर २००६ साली बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गिकांबरोबर, सायकल ट्रॅकही झाले होते. एके काळी हे शहर सायकलींचं म्हणून ओळखलं जायचं आणि त्या ओळखीची काहीतरी बूज राखली जातेय असं तेव्हा वाटलं होतं. आज त्या ट्रॅकवरून सलग दोनशे मीटरही जाता येत नाही. मध्येच विजेचा डीपी, मध्येच टपरी, मध्येच लावून ठेवलेल्या स्कूटर, आणि चौक आला की ट्रॅक संपतो. म्हणून सायकलवाला मुख्य रस्त्यावर उतरतो आणि मागचा गाडीवाला ओरडतो, "तुमच्यासाठी ट्रॅक बांधलाय ना?" त्याचं चुकत नाही, त्याला गाडीतून ट्रॅकच्या फरश्या दिसतात, फरश्यांवरचा डीपी दिसत नाही.

बोगद्याकडे न जाता आम्ही जुन्या कात्रज घाटानं चढलो. त्या अंधारात घाट जवळजवळ आमचाच होता. खाली उतरून हायवेला लागलो आणि भाची म्हणाली, "मामा, आता रेषेच्या डावीकडे राहा."

ही पांढरी रेषा नीट समजून घ्यायला हवी. तिच्या डावीकडे दीड-दोन मीटरची साइडपट्टी असते आणि सायकलवाल्याचं सगळं जग तेवढंच असतं. पण त्या दीड मीटरवर किती जणांचा हक्क आहे ते खेड शिवापूर ते शिरवळ या पट्ट्यात मोजावं. ढाब्यासमोर उभे ट्रक, प्रवासी भरणाऱ्या जीपा, स्ट्रॉबेरी विकणारे, पुढचं वळण दोन किलोमीटर लांब पडतं म्हणून राँग साइडनं येणारे मोटारसायकलवाले. शिवाय फुटलेल्या टायरच्या पट्ट्या, खडी, काचा. दर तीनचारशे मीटरला आम्हाला रेषा ओलांडून उजवीकडे यावं लागत होतं. मागून ऐंशीच्या वेगानं येणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की हा सायकलवाला उगाच रस्त्यात शिरतोय. आम्ही कशाला वळसा घालतोय ते त्याच्या नजरेत भरायच्या आत तो पुढे गेलेला असतो.

नीरा नदीचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो आणि शिरवळच्या अलीकडे एका खासगी बसनं मला कट मारला. बसचा आरसा माझ्या खांद्यापासून वीतभर लांबून गेला असेल. मोठी गाडी जवळून जाते तेव्हा तिच्या पुढची हवा आधी बाहेर ढकलते आणि शेपूट पुढे सरकताना आत ओढते. पहिला धक्का सोसताना आपण अंग उजवीकडे टाकतो आणि नेमकं त्याच वेळी ओढ सुरू होते. माझं पुढचं चाक रेषेवरून हातभर आत गेलं. मागे दुसरी गाडी नव्हती. मी थांबलो, सायकल आडवी केली आणि दहा मिनिटं रस्त्याकडे पाठ करून बसलो. भाची काही बोलली नाही. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

खंबाटकी घाटात मात्र वेगळंच घडलं. पुण्याहून जाणाऱ्यांसाठी हा घाट तेव्हा एकेरी होता, साताऱ्याकडून येणारे बोगद्यातून यायचे. चढावर भरलेला बाराचाकी ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरला येतो आणि त्याचा वेग आमच्याइतकाच होतो. एका लोखंड भरलेल्या ट्रकच्या मागे-पुढे आम्ही जवळपास अर्धा तास चढत होतो. क्लीनर खिडकीतून बाहेर डोकावून वाकलेला. पहिल्या वळणावर त्यानं नुसतं पाहिलं. दुसऱ्या वळणावर विचारलं, "कुठपर्यंत?" तिसऱ्या वळणावर हात बाहेर काढून मागच्या मोटारींना थांबवलं आणि आम्हाला आधी जाऊ दिलं.

घाट उतरल्यावर तोच ट्रक एका ढाब्यावर उभा दिसला. चालक लातूरकडचे होते, वय पन्नाशीच्या पुढचं. मी म्हणालो, "दादा, बसा, चहा घेऊ." ते म्हणाले, "साहेब, सायकलवाला आला की आमच्या पोटात गोळा येतो. डाव्या दरवाज्याच्या खाली कोण आहे ते आम्हाला दिसतच नाही. आरशात यायच्या आधी माणूस चाकापाशी असतो. आणि उद्या तुम्ही तुमच्या चुकीनं पडलात तरी मार आम्हालाच."

जानेवारी २०२४ मधल्या चक्का जाममध्ये तेही होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती, त्यावरून तो संप झाला. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हा एवढं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. मी म्हणालो, "पण पळून गेल्यावर तो पडलेला माणूस तिथंच मरतो." ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी एकदा थांबलो होतो. माझ्या गाडीनं नव्हतं झालं, तरी थांबलो. लोकांनी मलाच धरलं." त्यांच्या कपाळावर डाव्या बाजूला खूण होती. तिच्याबद्दल मी विचारलं नाही.

माझं मत त्यांच्या बोलण्यानं बदललं नाही. पळून जाणं हा गुन्हाच आहे आणि त्याला कडक शिक्षा हवी. पण थांबणाऱ्याला जमावापासून वाचवण्याची हमी त्याच कायद्याइतक्या जोरानं द्यायला हवी. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आली आहे, पण लातूरच्या त्या माणसानं तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. एसी केबिनबद्दल मात्र त्यांना माहीत होतं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकमध्ये ती सक्तीची होणार होती. "जुन्या गाडीला कोण बसवून देणार?" म्हणाले. मे महिन्यात बारा-चौदा तास इंजिनाच्या उष्णतेत बसलेल्या माणसाकडून मी ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडण्याची अपेक्षा करतोय, हे माझ्या तोपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

साताऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं.

दुसरा दिवस : सातारा ते कोल्हापूर

सव्वाशे किलोमीटर, जवळजवळ सपाट, आणि पाच दिवसांतला सगळ्यात अवघड दिवस हाच. साताऱ्यापासून कागलपर्यंत महामार्ग सहापदरी करायचं काम चालू होतं. कुठे पुलाचे खांब उभे, कुठे अर्धा रस्ता उकरलेला, दर काही किलोमीटरला डायव्हर्जनचा बाण. डायव्हर्जनमध्ये साइडपट्टी नावाला नसते. एका बाजूला सिमेंटचे ठोकळे, दुसऱ्या बाजूला कंटेनर. अशा जागी भाची पुढे होऊन लेनच्या मधोमध चालवायची. मागून हॉर्न वाजायचे, अप्पर-डिपर व्हायचे, पण कुणाला आम्हाला चिकटून पुढे काढता यायचं नाही. ठोकळे संपले की लगेच डावीकडे होऊन ती हात वर करायची. बहुतेक गाड्या काही न बोलता जायच्या. दोघा-तिघांनी तर हात केला.

कराडच्या पुढे ऊस दिसायला लागला. हंगाम भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चाललेले, उसाची वाढं ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेली. बैलगाड्यांच्या रांगा वेगळ्या. बीडकडून आलेली कुटुंबं या गाड्या चालवतात, पहाटे फडात आणि रात्री कारखान्याच्या रांगेत. या रस्त्यावर सायकलीही आमच्यासारख्यांच्या नव्हत्या. डबा अडकवून पाळीला निघालेले कामगार, कॅरिअरवर वैरणीचा भारा बांधलेले म्हातारे. डोक्यावर हेल्मेट नाही, मागे दिवा नाही. रस्ता-सुरक्षेच्या जाहिरातीत सायकलवाला दाखवतात तो माझ्यासारखा, पिवळं जॅकेट घातलेला. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. त्या साडेचार हजारांत बहुतेक हे भारेवाले आणि डबेवालेच असणार, असं मला त्या रस्त्यावर राहून राहून वाटत होतं.

कामेरीपाशी भाचीची ट्यूब फुटली, दुरुस्तीत तास गेला, म्हणून वाठारच्या अलीकडेच आम्हाला अंधार पडला. किणी टोलनाका जवळ होता. मी उताराला लागलो होतो, वेग तीसच्या पुढे असेल. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या उजेडानं डोळे दिपलेले. एकदम समोर उसाचा काळा ढीग उभा राहिला. दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं आणि पुढचं चाक बैलगाडीच्या साटीपासून फुटभरावर थांबलं.

गाडीवान मागे वळले. "काय झालं वो पाव्हणं? दिसलं न्हाई व्हय?"

मला बोलता येईना. गाडीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, साधी पांढरी चिंधीसुद्धा नव्हती. माझ्या तोंडावर राग आला होता तो अगदी ओळखीचा होता. 'रस्त्यावर यायचंच कशाला असं?' शिरवळला तो बसवाला माझ्याबद्दल हेच म्हणाला असणार. गाडीवरच्या उसावर एक बाई शाल गुंडाळून बसली होती, तिच्या मांडीवर मूल झोपलेलं होतं.

भाचीनं तिच्या पिशवीतला जादा लाल दिवा काढला आणि गाडीच्या मागच्या उसाला रबरानं बांधला. "काका, हे बटण दाबलं की लागतो. कारखान्यावर पोचलात की बंद करा, म्हणजे आठ-दहा रात्री चालेल." गाडीवानांनी दिवा दोनदा बंद-चालू करून बघितला. "ह्यो आता कुणाला परत द्यायचा?" "नाही द्यायचा, तुमचाच." ते म्हणाले, "बरं झालं. बैलांस्नी भ्या वाटतं वो मागनं."

कोल्हापूरपर्यंत मी भाचीच्या मागे, अगदी हळू आलो.

तिसरा दिवस : कोल्हापूर ते आंबोली

कागलच्या पुढे हायवे थोडा निवांत झाला. कर्नाटकात शिरून निपाणीला हायवे सोडला आणि उत्तूर-आजऱ्याच्या रस्त्याला लागलो. हायवे सुटला की जीव भांड्यात पडेल असं वाटलं होतं. पण दोनपदरी रस्त्याचे त्रास वेगळे. इथे साइडपट्टी म्हणजे लाल माती, डांबराच्या कडेपासून चार बोटं खाली. चाक एकदा खाली गेलं की परत वर घेताना सायकल आडवी होते.

उत्तूरच्या पुढे आम्ही दोघं शेजारी शेजारी बोलत चाललो होतो. मागून एक मोठी गाडी आली आणि हॉर्नवरचा हात काढेना. शेवटी पुढे काढून तिनं आडवी उभी केली. चालक तरुण होता, शेजारी त्याची आई. "रस्ता काय तुमच्या घरचा आहे का? दोघांनी मिळून अडवलाय!" भाची उसळली. "वळणावर तुम्ही मला चिकटून काढणार, म्हणून अडवलाय. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये दोघांनी शेजारी चालवायची परवानगी आहे, आणि ओव्हरटेक करताना दीड मीटर सोडायचं असं २०२२ पासून लिहिलंय." तो म्हणाला, "मग ब्रिटनमध्ये चालवा." आई म्हणाली, "जाऊ दे रे, डॉक्टर निघून जातील."

गाडी गेली. भाचीला वाटलं मी तिची बाजू घेईन. मी म्हणालो, "वळणावर तू बरोबर होतीस. पण वळण संपून अर्धा किलोमीटर सरळ रस्ता होता आणि समोर कुणी नव्हतं. तिथं आपण एकामागे एक व्हायला हवं होतं. त्याच कोडमध्ये तेही लिहिलंय, मागच्याला जाऊ द्या म्हणून."

"म्हणजे हॉर्न वाजवून ओरडणारा बरोबर?"

"ओरडणं चूक. पण त्याला आपण खोळंबवलं, हेही खरं."

ती आजऱ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. आपल्याकडेही २०१७ च्या वाहनचालन नियमांत चालकानं पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध यांची विशेष काळजी घ्यावी असं आहे. ते मी तिला आजऱ्यात मिसळ खाताना सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांगायचं होतंस ना." तिचं खरं होतं. मी भांडणात गप्प राहिलो होतो आणि नंतर तिला शिकवत होतो.

गवसे सोडल्यावर शाळा सुटलेल्या मुलींचा घोळका भेटला. पंधरावीस सायकली, रस्ताभर पसरलेल्या, हसत, गाणी म्हणत. मागून एसटी आली. चालकानं हॉर्न वाजवला नाही. फाट्यापर्यंत तो त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये येत राहिला. त्या वाटेनं तो रोज जात असणार, मुलींनाही तो माहीत असणार. फाट्यावर मुली आत वळल्या, दोघी-तिघींनी हात केला आणि एसटी पुढे गेली. भाची एवढ्या वेळानं बोलली, "मामा, बघितलंस?"

आंबोलीत रात्री कडाक्याची थंडी होती.

चौथा दिवस : आंबोली ते म्हापसा

सकाळी धुकं निवळायची वाट बघून घाट उतरायला घेतला. उतारावर सायकल मोटारीपेक्षा चपळ असते, वळणं सहज घेते. पर्यटकांच्या गाड्या माकडांना खाऊ घालायला वाटेल तिथे थांबत होत्या. एका वळणावर पुढे बस हळू उतरत होती आणि भाचीनं तिला डावीकडून, कठड्याच्या फटीतून, मागे टाकलं. मी मागून ओरडलो पण तोवर ती पुढे गेली होती. वाहक दारातून ओरडले, "ए पोरी, मरायचंय का?" बस जराही डावीकडे दबली असती तर काय झालं असतं, हे मला आजही डोळे मिटले की दिसतं.

दाणोलीला चहाच्या टपरीवर मी तिला गाठलं. ओरडायचं ठरवून आलो होतो. ती आधीच रडवेली होती. "मामा, चूक झाली. मला ती बस हळू चालली म्हणून राग आला होता." टपरीवाल्या बाई आमच्याकडे बघत होत्या. "खंयसून इलास?" पुण्याहून, म्हणालो. "सायकलीन? माय गे!" त्यांनी न मागता दोन भजीच्या बश्या समोर ठेवल्या.

सावंतवाडी, बांदा, मग चौपदरी काँक्रीटचा रुंद रस्ता. इथली साइडपट्टी इतकी स्वच्छ होती की मला पुन्हा पुन्हा मागे वळून बघावंसं वाटत होतं, हे खरंच आहे ना म्हणून. पत्रादेवीला गोव्यात शिरलो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या. त्या चालवणाऱ्यांना रस्ता नवा असतो, नजर मोबाइलच्या नकाशावर असते. अशी पाटी मागून आली की आम्ही दोघं न बोलता एकामागे एक व्हायचो.

पाचवा दिवस : म्हापसा ते पणजी

पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू होतं आणि पणजीत शिरणाऱ्या, मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर दुचाक्यांना मनाई आहे. जुन्या पुलावरून जाता आलं असतं, पण आम्ही पोंबुर्पाची वाट धरली. तिथून फेरीनं चोडण बेटावर, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीनं रायबंदरला.

चोडणच्या धक्क्यावर फेरी लागली. आधी पायी माणसं चढली, मग दुचाक्या, सायकली, मग मोटारी एकेक करून. फेरीच्या माणसानं हातानं खूण करून प्रत्येकाला जागा दिली. माझं हँडल एका टेंपोच्या बोनेटला टेकलं होतं. टेंपोवाला खाली उतरला, सायकल हातानं जरा सरकवली, तिला नीट टेकवलं आणि म्हणाला, "पडचीना आतां." पाण्यातून जाताना सगळे इंजिन बंद. कुणाला कुणाच्या पुढे जायचं नव्हतं. मला तिथं फार बरं वाटलं, पण मांडवी काही फार रुंद नाही.

रायबंदरला एका परिचितांकडे उतरणार होतो. सामान टाकून, सोळाशे तेहतीस-चौतीसच्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधलेल्या बांधाच्या रस्त्यानं पणजीपर्यंत जाऊन आलो. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला नदी, रस्ता अरुंद. येताना एक टॅक्सी आमच्या मागे बरंच अंतर आली. भाचीनं जागा दिसताच डावीकडे होऊन हात केला.

संध्याकाळी सायकली पार्सलला टाकायला पिकअप येऊन गेला आणि आम्हाला स्टेशनवर न्यायला मोटार आली. मी मागे उजव्या बाजूला बसलो. थोडं पुढे गेल्यावर पाण्याची बाटली घ्यायला चालकानं दुकानासमोर गाडी डावीकडे लावली. मी काच खाली घेतली, डावा हात पुढे करून उजव्या दाराची कडी धरली. तसं केलं की अंग आपोआप मागे वळतं. नेदरलँड्समध्ये दार असंच उघडायची पद्धत आहे, आणि मी सहा वर्षं तसंच उघडतो.

मागून पों-पों आवाज आला. पदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, येत होता, सायकलच्या कॅरिअरवर पावाची भलीमोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक. मी दार तसंच धरून बसलो. तो गेला, पावाचा वास आत आला, आणि दुकानापलीकडच्या वळणावर त्यानं पुन्हा एकदा भोंगा दाबला.